टर्बो नाही, तरी डबा

"गाडीला टर्बो नाही, काही नाही, आणि आईला तेलाचा डबा बसवायचाय!" बारक्या म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. साथ कोणी दिली नाही. मौनी वेल्डर आपल्या कोपऱ्यात वेल्डिंगच्या मुखवट्याची काच पुसत बसला होता, आणि त्याचं हसू शेवटचं कधी पाहिलं ते त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

बारक्याचं नाव तेवढं बारीक राहिलं होतं. बाकी सगळं वाढलं होतं. चाळिशी उलटलेली, मिशीत पांढरं डोकावू लागलेलं, आणि पोट असं की बॉनेटवर वाकला तर आधी पोट पोचायचं, मग हात. पण आईनं पाळण्यात ठेवलेलं नाव माणसाला गॅरेजचा मालक झाल्यावरही सोडत नाही. गिऱ्हाइकंसुद्धा त्याला बारक्याशेठ म्हणायची.

मालक तो नावापुरताच होता, हे मात्र आईचं म्हणणं. आईला सगळे मिस्त्रीबाई म्हणत. नवरा गेला तेव्हा चार शहाणी माणसं दारात येऊन म्हणाली होती, बाई, गॅरेज विका आणि सुखानं राहा. तिनं त्यांना पाणी पाजून वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिअरबॉक्स उतरवायला घेतला. तेव्हापासून दोन नंबरचा रॅम्प तिचा. तिथं दुसऱ्या कोणी पाना टेकवला तरी तिला घरात चपला घालून फिरल्यासारखं वाटायचं.

तो रॅम्प तिच्या हातून गेला एका पडण्यानं. गाडीखाली उतरायच्या खड्ड्याच्या पायरीवर तेल सांडलं होतं, पाय सटकला, मनगट मोडलं. मनगट सांधलं. सकाळी सकाळी हात किंचित थरथरतो, एवढंच उरलं होतं. पण तेवढ्यात बारक्यानं दाराशी एक गादीची खुर्ची आणून ठेवली, शेजारी फोन ठेवला आणि म्हणाला, "आई, आता तू फक्त बसायचं. गिऱ्हाईक सांभाळायचं." बोलायला किती गोड! जिनं जन्मभर इंजिनं सांभाळली तिला म्हणे फोन सांभाळ. फोनचं काय सांभाळायचं असतं? तो वाजतो, आपण उचलायचा. तेवढ्यासाठी माणूस लागतं?

तर त्या दिवशी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई आल्या. छपरावर मोठी पाटी लावलेली त्यांची छोटी गाडी पुन्हा आचके देत होती. बारक्यानं पाटी पाहिली आणि दुरूनच निदान केलं, "झडपांवर काजळी. साफ करून देतो."

"मागच्या वेळीही साफच केली होती ना?" बाई म्हणाल्या. "आणि त्याच्या आधीही. शिकणारे मला विचारतात, बाई, आम्ही चुकतोय की गाडी? आता मला तरी काय माहीत?"

"आजार हाल्याला आणि औषध पखालीला," खुर्चीतून आवाज आला.

बारक्यानं डोळे मिटले. हा आवाज त्याला पुरता ओळखीचा होता.

मिस्त्रीबाई उठल्या आणि बाईंना घेऊन गाडीपाशी गेल्या. "हे बघा, इंजिन कितीही चांगलं असलं तरी पिस्टनच्या कडेनं थोडा धूर खाली उतरतोच. खाली तेल. तो धूर तेलाचे कण घेऊन वर येतो, आणि बाहेर सोडायला बंदी, म्हणून गाडी तोच पुन्हा आत ओढून घेते. ते तेल जाऊन बसतं झडपांवर आणि तिथं करपतं. जुन्या गाड्यांत पेट्रोल झडपांवरूनच जायचं, आपोआप धुऊन निघायचं. तुमच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं. म्हणजे झडपांना आंघोळच नाही."

बाई हसल्या. "मग काय करायचं?"

"वाटेत एक डबा बसवायचा. आत जाळी. चहा गाळतो तसं. तेल डब्यात राहील, धूर पुढं जाईल. अधूनमधून डबा काढायचा, ओतून टाकायचा, की झालं."

"अगं, ते डबे टर्बोवाल्यांसाठी असतात!" बारक्या मध्ये पडला. "टर्बोच्या इंजिनात दाब असतो, तेल उडतं. ही साधी गाडी, आपल्या दमानं श्वास घेणारी. हिला कशाला ते सोंग?"

"साधी आहे म्हणून काय तेल पीत नाही का ती? तासन्‌तास जागेवर उभी राहून क्लच शिकवते बिचारी. धड तापत नाही, धड पळत नाही. जागेवर उभं इंजिन किती जोरात ओढतं, तुला माहीत नाही? की पुस्तकात टर्बोचंच पान उघडलं होतंस?"

माघार घेणं या घरात कोणाच्याच रक्तात नव्हतं. बारक्यानं हातातला फडका खांद्यावर टाकला. "ठीक आहे. तुलाच करायचंय ना? तूच कर. एकटीनं. बिनचूक झालं तर दोन नंबरचा रॅम्प तुझा, मी पुन्हा शब्द काढणार नाही. पण काही घोळ झाला तर खुर्ची. कायमची. मग मला ऐकवायचं नाही."

काउंटरवरून सून ओरडली, "अहो, काय बोलताय? आईंशी पैजा लावतात का?"

"लावू दे," मिस्त्रीबाई म्हणाल्या. "कबूल. बाई, तुम्हाला चालेल ना?"

"मला गाडी चालली म्हणजे झालं," बाई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

तर असं ठरलं. पणाला काय लागलं होतं ते तिथल्या पान्यांनासुद्धा कळलं होतं. ही एक गाडी नीट झाली तर मिस्त्रीबाई रॅम्पवर, नाहीतर उरलेलं आयुष्य गादीवर.

दुकानातून डबा आला. खोक्यात डबा, पाइप, क्लिपा आणि एका पुडीत लहानसहान तुकडे. मिस्त्रीबाईंनी आधी पाइप दोन बोटांत दाबून पाहिला. सहज दबला. "हा नाही चालायचा. इंजिननं ओढलं की चिकटून बसेल. जाड भिंतीचा आणा." सुनेनं फोन केला, जाड पाइप आला. डबा कुठं बसवायचा? एक्झॉस्टजवळ नाही, तिथं तापेल. बॅटरीशेजारी थोडी मोकळी जागा होती. मौनी वेल्डरला तिनं हातानंच माप दाखवलं, त्यानं पट्टी कापली, वाकवली, दोन भोकं पाडली आणि एक अक्षरही न बोलता आणून दिली. बरोबर बसली. असा माणूस मिळायला भाग्य लागतं. बोलणारे तर पैशाला पासरी.

मग खरं काम. इंजिनमधून धूर आणणारा पाइप डब्याच्या 'आत' लिहिलेल्या तोंडाला, 'बाहेर' लिहिलेल्या तोंडाचा पाइप मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिन हवा ओढतं तिकडे. उलट जोडले तर जाळीचा उपयोग शून्य, हे ती स्वतःशीच पुटपुटत होती. हात मधूनच थरथरला की ती थांबायची, मनगट दुसऱ्या हातात धरायची आणि पुन्हा लागायची. बारक्या एक नंबरवर ब्रेक बदलत होता, पण त्याचा कान आणि अर्धा डोळा इकडेच. एकदा क्लिप तिच्या हातून सुटून आत पडली तेव्हा तो दोन पावलं पुढं आला.

"आलास तर बघ!" ती न वळताच म्हणाली. तो मागं गेला. चुंबकाची काठी घालून तिनं क्लिप वर काढली.

डब्याच्या झाकणाला एक तिसरं तोंड होतं, लहानसं. पुडीत त्याच्यासाठी दोन वस्तू होत्या, एक बूच आणि एक छोटा जाळीचा फिल्टर. तिनं फिल्टर घेतला आणि लावला. विचार केलाच नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यात इंजिनचा ब्रीदर, म्हणजे धुराचं तोंड, मोकळा सोडायचा असायचा. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी शिकवलेलं, इंजिनचा श्वास कोंडू द्यायचा नाही. ते हातात मुरलं होतं, आणि हातात मुरलेलं डोक्याला विचारायला जात नाही.

"सेल्फ मार!" ती म्हणाली. सुनेनं किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली आणि लगेच रडायला लागली. आरपीएम वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर. शिट्टीसारखा बारीक सूर. मग मीटरवर पिवळा दिवा लागला.

बाकावरच्या बाई उठून उभ्या राहिल्या. बारक्यानं स्कॅनर जोडला, पाहिलं आणि हळूच म्हणाला, "कुठून तरी हवा खातंय."

"मला कळतंय. सांगू नकोस. बघते." तिनं एक एक क्लिप तपासली. घट्ट. दुसरी, घट्ट. मॅनिफोल्डपाशी हात फिरवला. काही नाही. आणि आता हात नुसता थरथरत नव्हता, चांगला हलत होता. सगळ्यांना दिसत होतं. तिला त्या हाताचा असा संताप आला की तो कोणा दुसऱ्याचा असता तर तिनं फटका मारला असता.

"बंद कर गाडी. कोणी हात लावायचा नाही. मी तोंड धुऊन येते."

मागच्या नळाखाली तिनं तोंड घातलं. पाणी मानेवरून आत गेलं. डोळ्यांतून येत होतं ते पाणी कुठलं, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. हरले, हा विचार आला आणि तिनं तो थुंकून टाकला. हवा खातंय. कुठून? पाइप नवे, क्लिपा घट्ट. मोकळं असं एकच तोंड... आणि ती जागच्या जागी थांबली. अगं बाई! फिल्टर! आपणच मोकळं ठेवलंय की! जुन्या गाडीला ते चालायचं. ही गाडी हवा मोजून घेते, आणि आपण तिला न मोजलेल्या हवेचं भोक ठेवलंय. बूच लावायला हवं होतं, बूच!

ती तशीच ओल्या तोंडानं धावत निघाली. त्या वयात कोणी धावत नाही, पण ती धावली.

आणि आत येते तो काय, गाडी सुरू. शांत, एका लयीत, घड्याळ चालावं तशी. दिवा विझलेला. शिकवणाऱ्या बाई टाळ्या वाजवत होत्या. "झालं की हो, मिस्त्रीबाई! तो फिल्टरच खराब निघाला म्हणे. हल्ली काहीही विकतात मेले!"

"हो ना," बारक्या फडक्याला हात पुसत म्हणाला. त्याची नजर मात्र फडक्यावरून उठेना. "डुप्लिकेट माल. चिरलेला होता. काढून बूच लावलं. बाकी आईचं काम एकदम चोख. रॅम्प तुझा, आई. जिंकलीस."

सून आनंदानं पुढं आली आणि सासूचं तोंड बघून थबकली.

मिस्त्रीबाई बॉनेटपाशी गेल्या. झाकणाच्या तिसऱ्या तोंडावर काळं बूच बसलं होतं. त्यांनी मौनी वेल्डरकडं पाहिलं. "हे कोणी लावलं?"

वेल्डरनं हनुवटीनं बारक्याकडं खूण केली.

"फिल्टर कुठाय?"

वेल्डरनं पुन्हा हनुवटी उचलली, या वेळी बारक्याच्या खिशाकडं. तिनं हात पुढं केला. बारक्यानं खिशातून फिल्टर काढून तिच्या तळहातावर ठेवला, चोरी पकडलेल्या पोरासारखा. तिनं तो उजेडात धरला. चीर नव्हती. कोरा करकरीत, निर्दोष फिल्टर.

आता इथं एखादी शहाणी बाई गप्प बसली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. रॅम्प मिळाला, पैज जिंकली, पोरानं आईची लाज राखली, गिऱ्हाईक खूश. अजून काय हवं माणसाला? पण मिस्त्रीबाईंना शहाणपण शिकवायला निघालेले आजवर सगळे दमून घरी गेले होते.

तिनं बूच उपटलं.

गाडी पुन्हा रडायला लागली. वर, खाली, वर. सून म्हणाली, "आई, अहो!" शिकवणाऱ्या बाई मागं सरकल्या.

"ऐकू येतंय ना बाई, हे?" मिस्त्रीबाई इंजिनच्या वर आवाज चढवून म्हणाल्या. "फिल्टर चांगला होता. या तोंडाला बूच लावायचं असतं, मी फिल्टर लावला. जुन्या गाड्यांची सवय. चूक दुकानदाराची नाही, मालाची नाही, माझी. माझ्या या हातांची." आणि तिनं बूच स्वतःच्या हातानं परत दाबून बसवलं. हात थरथरत होता, तरी बसवलं. गाडी निवळली. "आता झालं. नीट बघून घ्या, कोणी केलं आणि कसं केलं."

"आई, कशाला?" बारक्याचा आवाज फुटला. "अगं, मी सांभाळून घेतलं होतं ना! कोणाला कळलं नसतं. तुला रॅम्प हवा होता, मी दिला की!"

"तू दिलास? मी भीक मागितली होती?" ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याच्या छातीपर्यंतच यायची, पण तो मागं सरकला. "या गॅरेजात एक रीत आहे. कोणी घातली?"

"तू."

"काय रीत?"

"ज्याची चूक, त्यानं गिऱ्हाइकाला स्वतः सांगायची." त्यानं मान खाली घातली.

"तू तेलाचं नट घट्ट करायला विसरलास, त्या डॉक्टरच्या गाडीचं सगळं तेल रस्त्यावर सांडलं. मिसरूड फुटत होतं तुझं. बॉनेटपाशी उभं राहून रडत रडत सांगितलंस त्याला, मला आठवतं. मी मध्ये पडले होते? मी म्हणाले होते, नटच खराब निघालं? सकाळी पुन्हा तुझ्या हातात पाना दिला होता की नाही? बोल ना!"

"दिला होतास."

"का दिला? तू चुकणारा मिस्त्री होतास म्हणून. चुकत नाही तो मिस्त्रीच नव्हे, तो खुर्चीत बसलेला माणूस. तुझ्या चुकांना मी शिकणं म्हटलं, आणि माझ्या एका चुकीला तू म्हातारपण म्हणतोस? वर ती झाकतोस? अरे, लहान पोराची चूक झाकतात, नाहीतर मेलेल्याची. मी यातली कोण?"

बारक्या एकदम बोलला, आणि हे काही पैजेतलं बोलणं नव्हतं. "तू पडलीस तेव्हा खड्ड्यातून मी काढलं तुला. तू नाही पाहिलंस, मी पाहिलं. तू हलत नव्हतीस. मला वाटलं, गेलीस." त्यानं फडक्यानं तोंड पुसलं आणि तोंडाला तेल लागलं. "मला परत तसं बघायचं नाही, आई. बस्स. म्हणून खुर्ची. घाबरलो मी."

पोटचं पोर होतं, शेवटी. तिचा हात त्याच्या गालाकडं गेलाही. पण तिथला तेलाचा डाग पुसून परत आला आणि आवाज तसाच राहिला.

"मग तसं म्हणायचं. मी घाबरलो, म्हणायचं. तुला जमत नाही, असं का म्हणालास? पायरीवरचं तेल पूस, पायऱ्यांना खरखरीत पट्टी लाव, खाली दिवा लाव. आणि त्याउपर मला काही झालं तर ते गाडीखाली होईल. खुर्चीत बसून फोन उचलता उचलता झालं तर तुला बरं वाटेल का?"

सून काउंटरमागं डोळे पुसत होती. मौनी वेल्डरनं उगाच मशीन चालू करून बंद केलं.

"आणि पैज मी हरले," मिस्त्रीबाई म्हणाल्या. "घोळ झाला म्हणजे झाला. ते मी नाकारत नाही. पण तुझी पैजच खोटी होती, बारक्या. बिनचूक काम करून दाखव, अशी अट तू कुठल्या मिस्त्रीला घालतोस? या वेल्डरला घातलीस? स्वतःला घातलीस? फक्त मला. तेव्हा हरलेली पैज मी मानत नाही, आणि खुर्चीत बसत नाही. काय करायचं ते कर."

असं म्हणून ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. सत्तरीकडं झुकलेली बाई, मानेपर्यंत भिजलेली, हातात एक बिनकामाचा फिल्टर.

शिकवणाऱ्या बाईंनी हळूच घसा साफ केला. इतका वेळ घरचं भांडण बघितल्यावर माणसाला कुठं बघावं कळत नाही. "गाडी नेऊ ना मी?"

"न्या," बारक्या म्हणाला.

"तो डबा मध्ये मध्ये रिकामा करायचा म्हणालात. मला नाही जमायचं. मी इथंच घेऊन येईन." त्या गाडीत बसल्या, काच खाली केली, आणि विचारावं की न विचारावं अशा आवाजात म्हणाल्या, "तेव्हा गाडी कोणाच्या हातात द्यायची?"

सगळे बारक्याकडं बघू लागले. त्यानं आईकडं पाहिलं नाही. तो गाडीच्या खिडकीपाशी गेला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा काढला.

"आईच्या. आणि चुकली, तर तीच सांगेल तुम्हाला. मी मध्ये येणार नाही."